पाया कुणी घालायचा?

गेल्या उन्हाळ्यात एक पालक घरी आले. त्यांचे वेल्डिंगचे दुकान आहे. सोबत मुलगी, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले एक चकचकीत माहितीपत्रक. मुलगी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली, तीन वर्षे माझ्या वर्गात होती. बारावी सायन्स चांगल्या गुणांनी पास झाली. मोठ्या शहरातल्या एका एजंटाने त्यांना सांगितले होते की इंग्लंडात थेट पदवीला प्रवेश मिळणार नाही, इंग्रजी कच्चे आहे, आधी एक वर्षाचा फाउंडेशन कोर्स करावा लागेल. फी, राहणे, खाणे मिळून पंचवीस-तीस लाख. पदवीची तीन वर्षे वेगळी.

"सरजी, प्लॉट बेच दूँ क्या?" त्यांनी विचारले.

मी मुलीला म्हटले, तिथे वर्षभर काय शिकवतात तेवढे वाचून दाखव. ती वाचू लागली. उतारा वाचून त्यातला मुद्दा काढणे. आपले म्हणणे निबंधात मांडणे आणि त्याला आधार देणे. माहिती कुठून घेतली ते नोंदवणे. व्याख्यान ऐकताना टिपणे काढणे. चर्चेत प्रश्न विचारणे. वाचून झाल्यावर ती सहज म्हणाली, "सर, ये तो स्कूल में होना चाहिए था ना?"

तिच्या मनात टोमणा नव्हता. पण मी बीएड झालेला, उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. त्या यादीतली प्रत्येक गोष्ट माझ्या कामाची होती आणि त्या कामाचा पगार मी वीस वर्षे घेतो आहे.

फाउंडेशन कोर्स ही निव्वळ लबाडी आहे, असे मी म्हणणार नाही. इंग्लंडात शाळा तेरा वर्षांची असते आणि शेवटची दोन वर्षे तिथली मुले तीन-चार विषयच खोलात शिकतात. आपली बारावी त्याला पुरत नाही असे काही विद्यापीठे मानतात. ही तयारी नवीही नाही. बदरुद्दीन तय्यबजी मुंबईच्या मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये गेले आणि १८६० साली इंग्लंडला पोचले. तिथे आधी हायबरी न्यू पार्क कॉलेजात तयारी केली, मग कायद्याकडे वळले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. गांधीजींनीही लंडनमध्ये मॅट्रिकची परीक्षा दिली, लॅटिनमध्ये नापास झाले आणि पुन्हा बसून पास झाले. तेव्हा परक्या देशात शिकायला जाणाऱ्याला वर्षभराची तयारी लागली, तर त्यात लाज नाही.

माझे भांडण वेगळे आहे. तय्यबजींच्या काळी इथल्या गरीब मुलाला इंग्रजी वर्ग दिसतही नव्हता. आज काय आहे? महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. उर्दू शाळेतही आहे. म्हणजे ही मुलगी बारा वर्षे इंग्रजी शिकली. बारा वर्षे शिकून पाया झाला नाही आणि तेराव्या वर्षी तो पौंडात विकत घ्यायचा, हा कुठला हिशेब?

कारण आपण इंग्रजी शिकवत नाही, उत्तरे लिहून देतो. आणि खरे सांगायचे तर उर्दू आणि मराठीही तशीच शिकवतो. एकदा मी मराठीत "सुट्टीतला एक दिवस" हा निबंध दिला. चाळीस वह्यांपैकी तीसेक वह्यांमध्ये समुद्रकिनारा होता, वाळूचा किल्ला होता, नारळाची झाडे होती. गोंदियाची मुले! नाला, तलाव, भाताच्या बांध्या, राइस मिलचा भोंगा, आजोळी जाणारी बालाघाटची गाडी, यातले एका वहीत काही नाही. गाइडमधला समुद्र सगळ्यांनी उतरवला होता. आणि मी काय केले? दहापैकी आठ गुण दिले, कारण शुद्धलेखन बरोबर होते. ज्या मुलाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेला तलाव आपल्या भाषेत कधी लिहिला नाही, तो परदेशात इंग्रजीत स्वतःचे मत कसे मांडणार?

आपल्या मोहल्ल्यात यावर एकच इलाज सांगतात: इंग्लिश मीडियममध्ये घाला. घातलेत ना? तिथेही बाई फळ्यावर उत्तर लिहितात आणि मुले उतरवतात. फरक एवढाच की मुलाला उत्तर कळत नाही आणि घरी अम्मीलाही सांगता येत नाही. उर्दू सुटते, मराठी येत नाही, इंग्रजी लागत नाही. मग बारावीनंतर एजंट आहेच. त्याच्या धंद्याचे खरे भांडवल इंग्रजी नसून आपली इंग्रजीची भीती आहे.

मुद्दा काढणे, आधार देणे, "मला हे पटत नाही, कारण..." असे उभे राहून म्हणणे, यांना भाषेची अट नसते. ज्याला हे उर्दूत येते, त्याला इंग्रजीत फक्त शब्द आणि सराव लागतो. ज्याला कुठल्याच भाषेत येत नाही, त्याला आयईएलटीएसचा साडेसहा बँडही वाचवत नाही. पहिल्या सत्रातच तो उघडा पडतो.

आता सरकारकडे वळू. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाचा भार उचलणारी केंद्राची "पढो परदेश" योजना २०२२-२३ पासून बंद झाली. राज्याने २०२४ मध्ये परदेशी शिष्यवृत्ती आणली, पण २७ जणांसाठी, आणि तीही पदव्युत्तर आणि पीएचडीला. म्हणजे जो आधीच पोचला आहे त्याला तिकीट. तिथवर पोचण्याची तयारी कोण करून घेणार?

जर्मनीत बघा. ज्या परदेशी मुलाची बारावी तिथे पुरत नाही, त्याच्यासाठी स्टुडिएनकोलेग नावाचा वर्षभराचा तयारी वर्ग असतो. सरकारी स्टुडिएनकोलेगमध्ये सहसा शिकवणीची फी नसते. तयारी गरजेची आहे असे ज्यांना खरेच वाटते, ते ती सरकारी खर्चाने करून देतात. आणि इतके लांब तरी कशाला जायचे? आपल्याच विदर्भात, बुलढाण्याच्या शेतकरी घरातून चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेलेल्या राजू केंद्रे यांची एकलव्य संस्था पहिल्या पिढीतल्या मुलांना परदेशी विद्यापीठांच्या अर्जासाठी तयार करते. एका संस्थेला जमते ते राज्याला जमत नाही का? २०२४ मध्येच मंत्रिमंडळाने अल्पसंख्याकांसाठी मार्टी या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली. तिने पहिले काम हेच घ्यावे. जिल्ह्याच्या ठिकाणी, बारावीनंतर, वर्षभराचा मोफत तयारी वर्ग सुरू करावा. गोंदियासारख्या जिल्ह्यापासून सुरुवात करावी, जिथे मूल घरी पोवारी, गोंडी किंवा उर्दू बोलते, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी. तीन भाषा सांभाळणाऱ्या या मुलांना चौथी जड जाते असे मला कुणी सांगू नये.

पण सरकारची वाट पाहत आपण बसायचे, असा याचा अर्थ नाही. त्या दिवसानंतर मी दर शनिवारी शेवटचा तास बदलला. एकाच बातमीवरचा एक उर्दू आणि एक मराठी अग्रलेख मुलांना वाचायला देतो. कोण काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, तुला कुणाचे पटते आणि का, एवढेच विचारतो. शेवटी पाच ओळी इंग्रजीत, चुकीच्या असल्या तरी चालतील, पण गाइडमधल्या नकोत. पहिले तीन शनिवार कुणी तोंड उघडले नाही. चौथ्या शनिवारी एका मुलाने दोन्ही अग्रलेख खोडून काढले, आणि मलाही.

प्लॉट विकला गेला नाही. मुलीने गोंदियातच बीएस्सीला प्रवेश घेतला. शनिवारी कधी कधी येते, मागच्या बाकावर बसते, लहान मुलांच्या पाच ओळी तपासते. एमएस्सीला बाहेर जायचे तिच्या मनातून गेलेले नाही, आणि जाऊही नये. जाईल तेव्हा तिच्या वडिलांना पायासाठी जमीन विकावी लागू नये, एवढे तर आपण शिक्षक करू शकतो.

उर्दू शाळांतल्या माझ्या भावाबहिणींनो, येत्या शनिवारी एक तास गाइड बंद ठेवून बघा.