खिशात चाकू कुठला ठेवायचा : कडीवाला की पत्तीवाला?

मागच्या आठवड्यात दोन चाकवांचा फोटो टाकला होता आणि विचारलं होतं, यातला रोजच्या खिशाला कुठला बरा. बऱ्याच जणांनी काळा म्हटलं, काहींनी लाकडी मुठीचा. एकाने लिहिलं, "काका, शेतकऱ्याला चाकू कशाला, विळा आहे की." त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

विळा, कोयता आहेच. आमच्या वडलांच्या कमरेला आकडी असायची, तिच्यात कोयती अडकवून सकाळी निघायचे. राबासाठी फांद्या तोडायच्या, कुंपणाची काटी छाटायची, ही कामं कोयतीचीच. पण दुधीचा देठ कापायला कोयती चालत नाही. मांडवाची सुतळी सोडवायला, खताच्या गोणीची शिवण उसवायला, ठिबकची नळी सरळ कापायला, काकडी मध्ये कापून कडू आहे का बघायला, याला लहान पातंच लागतं. दिवसातून वीस वेळा हात खिशात जातो. मोबाईलपेक्षा जास्त म्हणलं तरी चालेल.

तीस वर्षं माझ्या खिशात एकच चाकू होता. जुन्या बाजारातून घेतलेल्या करवतीच्या पात्याचा, एका ओळखीच्या फिटरने घासून बनवून दिलेला. तीन इंच पातं, शिसवी मूठ, मागे एक स्प्रिंगची पट्टी. ती पट्टी पातं नुसतं दाबून धरते, अडवत नाही. म्हणजे उघडं पातं पाठीकडून जोर आला की मिटणार. हे मला माहीत होतं. माहीत असून तीस वर्षं काही झालं नाही, म्हणून माहीत नसल्यासारखंच झालं.

गेल्या डिसेंबरात फवारणीच्या पाण्यासाठी एक जुना प्लास्टिकचा कॅन कापत होतो. टोक घुसेना म्हणून जोर लावला. टोक अडकलं, पातं मिटलं, उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर. चार टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि डॉक्टर म्हणाले नऊ-दहा दिवस पाण्यात हात घालायचा नाही. ज्यांच्याकडे भेंडी आहे त्यांना सांगायला नको याचा अर्थ काय. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, दोन दिवस राहिली की जून होते, व्यापारी हात लावत नाही. माझ्या चार तोडण्या गेल्या. दोन बायका मजुरीवर लावल्या, त्यातली निम्मी भेंडी शेवटी गुरांना. बोट जुळलं, पण टोकाला अजून बधिर आहे. सुतळीची गाठ आता त्या बोटाला कळत नाही, डोळ्याने बघून सोडवावी लागते.

म्हणून पहिली गोष्ट. मिटणारा चाकू घ्यायचा तर पातं उघडल्यावर अडकणारा घ्यायचा, यावर माझं आता मत बदलणार नाही. जुन्या पद्धतीचे चाकू चांगले, दिसायलाही गोड, पण टोकाने काम करणाऱ्याने त्यांच्या नादी लागू नये. "आमच्या आजोबांनी आयुष्य काढलं" असं लिहिणारे येतील. आजोबांच्या बोटांवरचे व्रण मोजा आणि मग लिहा.

आता फोटोतले दोघे. दोघांचीही पाती अडकतात, पण रीत वेगळी.

काळा चाकू पुतण्याने दिवाळीला दिला. स्टेनलेस पातं, चार इंचाला थोडं कमी, मुठीत लोखंडाची पत्ती. पातं उघडलं की ती पत्ती आतल्या बाजूने सरकून पात्याच्या बुडामागे उभी राहते. मिटायचं असेल तर अंगठ्याने पत्ती बाजूला दाबायची. पात्यावर गुंडी आहे, एका हाताने खटकन उघडतो. खिशाला अडकवायला क्लिप आहे. बुडाकडचं अर्धं पातं करवतीसारखं दातेरी.

दुसरा लाकडी मुठीचा, पातं साध्या लोखंडी पोलादाचं, सव्वातीन इंच. मुठीच्या तोंडाशी एक फिरती कडी. पातं उघडायचं, कडी फिरवायची, पातं बंद पडत नाही. ही रीत फ्रान्सची. तिथे साव्हुआ नावाच्या डोंगराळ मुलुखात जोसेफ ओपिनेल म्हणून एकाने 1890 साली असे साधे शेतकऱ्याचे चाकू करायला सुरुवात केली, कडी नंतर 1955 ला आली. आता त्या धर्तीचे चाकू बरेच जण बनवतात. माझा कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, काळ्याचंही नाव लिहीत नाही. जाहिरात करायची नाही आणि बदनामीही.

सहा महिने दोन्ही आलटून पालटून वापरले.

एका हाताने उघडणं, इथे काळा जिंकतो, वाद नाही. डाव्या हातात दुधी धरलाय, वेल ओढली जातेय, अशा वेळी लाकडी चाकवाला दोन हात लागतात. पुतण्या हेच म्हणतो आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी आता मांडवाखाली शिरायच्या आधीच चाकू उघडून घेतो, एवढंच.

धार. काळ्याची धार दुकानातून आली तेव्हा केस कापेल अशी होती. दोन महिन्यांत गेली, आणि मग आमच्या घरच्या दगडावर ती परत यायला जीव खातो. स्टेनलेस चिवट असतं, साध्या दगडावर नुसतं घसरतं. दातेरी भाग तर सपाट दगडावर घासताच येत नाही. सायकलवाल्या धारवाल्याकडे दिला, त्याने चाकावर धरला, ठिणग्या उडाल्या. पात्याची कड निळी पडली की समजायचं पोलाद तापून मऊ झालं, तिथली धार टिकत नाही. हे कुठल्याही चाकूला लागू, विळ्यालाही. चाकावर लावायचीच असेल तर दर दोन सेकंदाला पाण्यात बुडवायला सांगा. लाकडी चाकवाचं लोखंडी पातं मात्र दगडावर पाच मिनिटांत तयार होतं. संध्याकाळी पंपाच्या ओट्यावर बसून घासतो.

लोखंडी पातं गंजतं, हे खरं. कैरी कापली की काळं पडतं, तसंच राहिलं की दुसऱ्या दिवशी तांबूस. पुसायचं आणि खोबरेलाचं बोट फिरवायचं. काळसर रंग चढला तर चढू द्या, तो गंज नाही, उलट त्याने पुढचा गंज कमी होतो. ज्यांना पुसायचा कंटाळा आहे त्यांनी स्टेनलेसच घ्यावा, खोटा अभिमान नको.

पाऊस. हा मोठा मुद्दा, कारण आपण कोकणपट्टीतले, आणि उल्हासच्या काठी चार महिने सगळंच ओलं. लाकूड भिजलं की फुगतं. जुलैत एकदा भिजलेल्या खिशात दिवसभर राहिला आणि पातं मुठीत असं आवळलं की नखाने उघडेना. बांधावर बसून दगडावर आपटलं तेव्हा निघालं. मग चांगला वाळवून पातं काढून मूठ दोन दिवस जवसाच्या तेलात ठेवली, खाच जराशी पॉलिश पेपरने घासली. त्यानंतर इतका आवळला नाही. लावणीत तसाही चाकू लागत नाही, आवणाच्या मुठी पेंढ्याने बांधतो, त्या दिवसांत तो घरीच असतो. काळ्याला पाण्याचं काही नाही, पण चिखलाचं आहे. पत्तीच्या खोबणीत चिखल सुकला की पत्ती पुरती सरकत नाही, अर्धीच उभी राहते. बघायला अडकलेली वाटते. ज्यांच्याकडे असा चाकू आहे त्यांनी आज एक करून बघा : पातं उघडा, बोटं बाजूला ठेवा, पात्याची पाठ लाकडावर हलकी आपटा. मिटलं तर टूथब्रशने खोबणी धुवा.

आता माझ्यासाठी ज्याने निकाल लागला ते सांगतो. काळा मिटताना अंगठा पत्तीवर, म्हणजे बरोबर पात्याच्या वाटेत. पत्ती दाबली की पातं सुटतं, त्याआधी अंगठा आणि बोट बाजूला घ्यायचं. चांगल्या बोटांना ते कळतं. माझ्या पहिल्या बोटाला कळत नाही. दोनदा संध्याकाळच्या अंधारात पातं बोटाला टेकलं ते मला दिसलं, जाणवलं नाही. कडीवाल्याला कडी बाहेरून फिरते, बोट वाटेत येतच नाही. बधिर बोटाचा माणूस असाल, साखरेने हातपाय बधिर झालेत, असे गावात पुष्कळ आहेत, तर हे लक्षात घ्या.

आणखी एक गोष्ट, ती चाकवाची नाही. आंबिवलीहून भाजीची पाटी घेऊन कल्याणला निघालो होतो. स्टेशनवर पोलिसाने पिशवी बघितली, वर काळा चाकू. साधा विचारत होता, उर्मट नव्हता. म्हणाला, "काका, शेतकरी दिसताय, पण हा चाकू शेतकऱ्याचा दिसत नाही." भेंडीचे देठ दाखवले, हात दाखवले, सोडलं. नंतर मी माहिती काढली. शस्त्र कायद्याच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याला परवाना लागतो, आणि घरगुती, शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. त्या हिशेबाने आपले दोन्ही चाकू लहानच. पण महाराष्ट्र पोलीस कायदा 1951, त्याचं कलम 37. सणासुदीला, निवडणुकीला, मोर्च्याच्या वेळी आयुक्त मनाई आदेश काढतात, एका वेळी पंधरा दिवसांपर्यंत. त्यात तलवार, भाले, काठी आणि चाकूसुद्धा येतो. तिथे इंच मोजत नाहीत. पेपरात कोपऱ्यात बातमी असते, आपण वाचत नाही.

वडील आकडीला कोयती लावून बाजारात फिरले, कोणी विचारलं नाही. तेव्हा मोहने गाव होतं आणि त्याच्या कडेला एनआरसीचा भोंगा. 2009 ला कंपनी बंद पडली, गाव महापालिकेत आहे, शेताच्या पलीकडे टॉवर उभे राहिले. आता बांधावरचा माणूस स्टेशनवर गेला की शेतकरी वाटेलच असं नाही. मला याचा राग येतो, पण त्या पोलिसाचा नाही. रामपुरी चाकू सिनेमांनी इतका गाजवला की खटका वाजला तरी लोक दचकतात, आणि काळ्याचा आवाज थेट तसाच. लाकडी मुठीचा कुणी बघितला तर "आंबा कापायला का?" असं विचारतात.

तर लाकडी कडीवाला खिशात राहिला. शेतात, घरी, पाहुण्यांकडे. गाडीने कल्याणला जायचं असेल तर तोही नाही, पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगून जातो. बाजारात व्यापाऱ्याकडे सुरी असतेच. कलमं बांधायला मात्र दोन्ही उपयोगाचे नाहीत, कलमाचा चाकू एका बाजूने धारेचा असतो, तो वेगळा घ्या.

काळा पुतण्याला परत दिला. थोडा नाराज झाला. मी म्हणलं, तुझी दहाही बोटं शाबूत आहेत, तू वापर, फक्त क्लिप काढून टाक आणि दातेरी भागाला हात लावू नको. काल ट्रेलरवरचा नायलॉन दोर त्याच दातेरी भागाने त्याने एका झटक्यात तोडला आणि माझ्याकडे बघून हसला. दोर कापायला तो चांगलाच आहे.

जवसाचं कच्चं तेल कल्याणात सुटं कुठे मिळतं, माहीत असेल तर खाली लिहा. माझी बाटली संपत आली.