सीसीएनएसाठी ‘सर्वोत्तम पुस्तक’ शोधू नये

सिस्को कंपनीची सीसीएनए ही नेटवर्किंगमधली पायाभूत प्रमाणपत्र परीक्षा १९९८पासून घेतली जाते. तिचा सध्याचा क्रमांक २००-३०१. हे रूप २४ फेब्रुवारी २०२० रोजी लागू झाले आणि ऑगस्ट २०२४मध्ये त्याची १.१ ही सुधारित आवृत्ती आली. वेळ १२० मिनिटे, शुल्क ३०० डॉलर अधिक कर, प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. क्लास लावण्याची सक्ती नसल्यामुळे घरी अभ्यास करून बसणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सर्वांत चांगले पुस्तक कोणते, सर्वांत चांगला कोर्स कोणता? अभ्यासाची गाडी इथेच चुकीच्या वाटेला लागते. एखाद्या घटकात परीक्षा काय करून मागते, यावरून त्या घटकाचे साहित्य ठरायला हवे. पुस्तकाचे नाव किती मोठे, हा मुद्दा त्यानंतरचा. ही बाजू मांडण्याआधी प्रचलित मतांचा समाचार घेणे भाग आहे, कारण त्यांतल्या काहींना खरा आधार आहे आणि एकाला मुळीच नाही.

आधार नसलेले मत डम्पचे. परीक्षेत येऊन गेलेले प्रश्न उत्तरांसकट पाठ करावेत, बाकीचे नोकरी लागल्यावर शिकता येते, असे हा पक्ष म्हणतो. शुल्क मोठे, नापास झाल्यास ते पुन्हा भरायचे, आणि नोकरीच्या जाहिरातीत प्रमाणपत्राची अट. या दडपणातून हे मत जन्मते आणि ते दडपण खोटे नाही. पण उपाय रोगाहून वाईट आहे. सिस्कोच्या नियमांनुसार असे साहित्य वापरणे हा गैरप्रकार असून निकाल रद्द होणे, प्रमाणपत्र काढून घेतले जाणे आणि पुढे परीक्षेला बसण्यास बंदी होणे इथपर्यंत त्याची मजल जाऊ शकते. नियम क्षणभर बाजूला ठेवले तरी डम्प अभ्यास म्हणूनही निकामी ठरतो. एक साधा प्रश्न पाहावा. राउटरच्या रूटिंग टेबलमध्ये १०.१.०.०/१६ हा स्टॅटिक रूट आहे आणि १०.१.१.०/२४ हा ओएसपीएफकडून आलेला रूट आहे. १०.१.१.५ या पत्त्याचे पॅकेट कुठल्या मार्गाने जाईल? स्टॅटिक रूटचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स १ आणि ओएसपीएफचा ११०, म्हणून स्टॅटिक जिंकेल असे घाईत वाटते. प्रत्यक्षात पॅकेट ओएसपीएफच्या मार्गाने जाते, कारण राउटर आधी सर्वांत लांब जुळणारा प्रिफिक्स पाहतो. डिस्टन्सची तुलना एकाच प्रिफिक्सचे दोन दावेदार असतील तरच होते. आता पत्ता १०.१.२.५ केला, तर उत्तर स्टॅटिक रूट होते. एक आकडा बदलला की पाठ केलेले उत्तर उलटे पडते, आणि असे आकडे परीक्षेत बदलता येतात तसे कंपनीच्या नेटवर्कमध्ये रोजच बदलतात. डम्पमधली कित्येक उत्तरे मुळातच चुकीची असतात. ज्याने विषय शिकलेला नाही त्याला ती चूक ओळखण्याचे साधनही नसते.

दुसरे मत व्हिडिओंचे. ‘जेरेमीज आयटी लॅब’सारखा संपूर्ण अभ्यासक्रम यूट्यूबवर विनामूल्य मिळत असताना जाडजूड पुस्तक कशाला, असे विचारले जाते. या मताचा अर्धा भाग मान्य करायला हवा. स्पॅनिंग ट्रीमध्ये कोणता पोर्ट ब्लॉक होतो आणि का, हे हलत्या आकृतीवर जेवढे लवकर कळते तेवढे परिच्छेदातून कळत नाही. त्यातही उत्तम कोर्समध्ये व्हिडिओबरोबर लॅबची फाइल आणि उजळणीची अँकी कार्डेही दिलेली असतात. आक्षेप कोर्सवर नाही, नुसते पाहत राहण्यावर आहे. पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते, कारण पुढची पायरी शिकवणाराच उचलत असतो. १९२.१६८.१०.७७/२७ हा पत्ता कोणत्या सबनेटमधला, हे कोरा कागद घेऊन काढायला बसले की ते वाटणे तपासले जाते : ३२चे गट, म्हणून नेटवर्क १९२.१६८.१०.६४, ब्रॉडकास्ट ९५, मधले ६५ ते ९४ यंत्रांसाठी. हे अर्ध्या मिनिटात सुटायला हवे. परीक्षेत मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही, त्यामुळे सबनेटिंगवर गेलेला वेळ पुढच्या प्रश्नांतून वजा होतो.

तिसरे मत खऱ्या उपकरणांचे. लॅमिंग्टन रोडवरून जुने राउटर आणि स्विच आणून घरी मांडल्याशिवाय नेटवर्किंग येत नाही, असे जुनी मंडळी सांगतात. कन्सोल केबल जोडणे, विसरलेला पासवर्ड काढून टाकणे, केबलचा दोष शोधणे हे हाताने केल्यानेच येते, यात शंका नाही. मात्र सीसीएनएसाठी ती पूर्वअट नव्हे. सिस्कोचा पॅकेट ट्रेसर नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवले की विनामूल्य मिळतो आणि या परीक्षेतला बहुतेक कॉन्फिगरेशनचा भाग त्यात करता येतो. तो सिम्युलेटर आहे. खऱ्या आयओएसमधल्या साऱ्या कमांड त्यात नाहीत, हे ध्यानात ठेवावे. तेवढ्यावर भागेनासे झाले तर सिस्को मॉडेलिंग लॅब्ज आहे, त्यात सॉफ्टवेअरच्या इमेज अधिकृतपणे सोबत येतात. जीएनएस३साठी मात्र त्या स्वतः आणाव्या लागतात आणि कुठून तरी उतरवून घेतलेली इमेज वापरणे कायदेशीर नसते.

जितकी पुस्तके अधिक तितकी तयारी पक्की, या मताला फार वेळ देण्याची गरज नाही. दोन पुस्तकांचे पहिले पाच-पाच अध्याय वाचणाऱ्याला ओएसआय मॉडेल दोनदा येते आणि एसीएल एकदाही येत नाही.

आता मंडन. सिस्को या परीक्षेचे ‘एक्झाम टॉपिक्स’ नावाचे काही पानांचे पत्रक विनामूल्य देते. निवडीचा आधार तेच असावे. त्यात सहा विभाग आणि त्यांचा भार दिलेला आहे : नेटवर्कची मूलतत्त्वे २० टक्के, नेटवर्क अ‍ॅक्सेस २०, आयपी कनेक्टिव्हिटी २५, आयपी सेवा १०, सुरक्षेची मूलतत्त्वे १५, ऑटोमेशन आणि प्रोग्रामेबिलिटी १०. पण टक्क्यांहून मोलाची आहेत ती प्रत्येक घटकाला जोडलेली क्रियापदे, आणि बहुतेक उमेदवार नेमके त्यांच्यावरूनच नजर फिरवून पुढे जातात. एके ठिकाणी ‘वर्णन करा’ असते, एके ठिकाणी ‘तुलना करा’, एके ठिकाणी ‘अर्थ लावा’, आणि एके ठिकाणी ‘कॉन्फिगर करून पडताळा’. व्हीलॅन, ट्रंक, इथरचॅनल, स्टॅटिक रूट, एका एरियातला ओएसपीएफ, नॅट, एसीएल ही शेवटच्या क्रियापदाची कामे आहेत. इथे पुस्तक दुय्यम आणि लॅब मुख्य. एचएसआरपीसारखे फर्स्ट हॉप रिडंडन्सी प्रोटोकॉल मात्र केवळ ‘वर्णन करा’खाली येतात, त्यांच्या कमांड घोकण्यात आठवडा घालवणे व्यर्थ, एक नेटका अध्याय किंवा व्हिडिओ पुरे. ऑटोमेशनच्या विभागात जेसन वाचता यायला हवे, पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिण्याची अपेक्षा नाही. तरी त्या विभागाच्या नावाला घाबरून पायथनचा मोठा कोर्स विकत घेणारे आढळतात.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पत्रकात न लिहिलेले संबंधित विषयही परीक्षेत येऊ शकतात, असे सिस्को स्वतःच त्यात नमूद करते. मग पत्रकावर भिस्त कशी ठेवायची? उत्तर असे की पत्रक फक्त दिशा देते आणि आजूबाजूचा मुलूख भरून काढायला एक सलग पुस्तक लागते. त्यासाठीच एक मुख्य ग्रंथ निवडावा आणि शेवटपर्यंत बदलू नये. वेंडेल ओडम यांचे सिस्को प्रेसने काढलेले दोन खंडांचे ‘ऑफिशियल सर्ट गाइड’ विस्तृत आहे आणि प्रत्येक प्रकरणाच्या आरंभीच्या छोट्या चाचणीमुळे काय वगळावे ते कळते. टॉड लॅमल यांची मांडणी अधिक बोलकी आहे. दोहोंपैकी कोणतेही चालेल. आवृत्ती मात्र पाहूनच घ्यावी. अप्पा बळवंत चौकात किंवा ओळखीतून स्वस्तात मिळालेले २०२०पूर्वीच्या परीक्षेसाठीचे पुस्तक ईआयजीआरपी आणि पीपीपी यांवर पानेच्या पाने खर्ची घालते. ते विषय आता कॉन्फिगरेशनसाठी विचारले जात नाहीत. उलट वायरलेस, सुरक्षा आणि ऑटोमेशन यांचा आजचा विस्तार त्यात सापडणार नाही. सबनेटिंगपुरते असे जुने पुस्तक आजही उपयोगी पडते, कारण ते गणित बदललेले नाही.

लॅब कशी करावी, यावरही साहित्याची किंमत ठरते. तयार कमांड क्रमाने टाइप करायला लावणारी लॅब निम्मेच काम करते. चांगली लॅब मोडायला लावते. दोन राउटरमध्ये ओएसपीएफ चालू करावा, नेबर ‘फुल’ झालेला पाहावा आणि मग एका बाजूचा हॅलो टायमर १० सेकंदांवरून ५ करावा. डेड टायमर संपताच नेबर नाहीसा होतो, त्याच्याकडून आलेले रूट टेबलमधून जातात, आणि तरीही समोरच्या राउटरला पिंग व्यवस्थित चालू राहते. पिंग चालते म्हणजे सगळे ठीक आहे, हा समज या एका प्रयोगात मोडतो. हे वाचून लक्षात राहत नाही.

सराव प्रश्नसंच निवडताना प्रश्नांची संख्या न पाहता स्पष्टीकरण पाहावे. बरोबर पर्याय का बरोबर एवढेच न सांगता बाकीचे तीन का चूक हेही जो संच सांगतो, तोच पैसे देण्याजोगा. बोसनचा ‘एक्झसिम’ याच गुणासाठी नावाजला जातो. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी इथे एक जास्तीची दक्षता आहे. संकल्पना मराठीत किंवा हिंदीत समजून घेण्यात काहीच कमीपणा नाही, उलट पाया त्यानेच पक्का होतो. मात्र परीक्षा इंग्रजी आणि जपानी याच भाषांत होते, म्हणून प्रश्नांचा सराव पहिल्या महिन्यापासून इंग्रजीतच हवा.

राहिला प्रश्न दोन साधनांत मतभेद झाल्यास कोणाचे ऐकायचे, हा. अशा वेळी तिसरे पुस्तक उघडू नये. लॅबमध्ये करून पाहावे आणि मूळ दस्तऐवज वाचावा. सबनेटमधून नेहमी दोन पत्ते वजा करायचे, असे बहुतेक ठिकाणी शिकवतात. त्या हिशेबाने /३१मध्ये एकही वापरण्याजोगा पत्ता उरत नाही. डिसेंबर २०००मधला आरएफसी ३०२१ मात्र दोन राउटरमधल्या पॉइंट-टू-पॉइंट दुव्यावर /३१ वापरायला परवानगी देतो, आणि तिथे दोन्ही पत्ते यंत्रांना देता येतात. आयओएस ते स्वीकारते. इथरनेट इंटरफेसवर तोच मास्क दिला तर सावधगिरीची सूचना दाखवून स्वीकारते. सिस्को मॉडेलिंग लॅब्जमध्ये दोन राउटर जोडून हे पडताळायला दहा मिनिटे लागतात.