आमच्या दोघींमधली भिंत

मैत्रीत भिंत नको म्हणतात ना? आमची मैत्री भिंतीमुळेच टिकली!

झालं असं, की माझी रूममेट नाइट शिफ्टवाली. ती सकाळी येऊन झोपायची आणि माझ्या फोनवरच्या मुलाखती नेमक्या तेव्हाच. आधी धुसफूस, मग चक्क अबोला. शेवटी घरमालकाची परवानगी काढून हॉलमध्ये पार्टिशन घातलं. पत्र्याच्या चॅनेलचा सांगाडा, दोन्ही बाजूंनी १२.५ मिलिमीटरचे जिप्सम बोर्ड. दोन दिवसांत काम फत्ते!

चौथ्या दिवशी वाऱ्यानं पार्टिशनचं दार आपटलं आणि कडेचा उभा स्टड गिलाव्याच्या ढपल्यासकट भिंतीतून बाहेर! कित्येक दिवसांनी ती माझ्याशी बोलली. काय, तर "डिपॉझिट गेलं."

ओळखीतले एक मिस्त्रीकाका आले. निघालेला स्क्रू तळहातावर ठेवून म्हणाले, "ताई, हा जेमतेम इंचभर. गिलाव्यातच राहिला, विटेत गेलाच नाही." मग ड्रिल लावलं. "धुळीकडे बघा. करडी धूळ गिलाव्याची. लाल आली की वीट लागली. तिथून पुढे दीड इंच तरी जायचं."

विटांमधला सांधा त्यांनी टाळला, तिथला माल भुसभुशीत असतो. ८ मिलिमीटरचं भोक, ८ चीच गिट्टी, अडीच इंची स्क्रू, दर दोन फुटांवर एक. प्रत्येक भोकातली धूळ आधी फुंकून काढली, नाहीतर गिट्टी नीट बसत नाही. स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत वर-खाली ड्रिल अजिबात नाही, आत वायरी असतात! ओळंबा लावून स्टड सरळ केला, त्याच्यामागे फोमची पट्टी लावली, म्हणजे फटीतून आवाज कमी येतो. दाराच्या दोन्ही बाजूंच्या स्टडमध्ये लाकडी पट्टी घातली, हिसके सोसायला.

तुमची बिल्डिंग नवी असेल, तर लालऐवजी पांढरट धूळ येऊ शकते. म्हणजे आत हलके एएसी ब्लॉक. तिथे ड्रिलचं हॅमर बंद ठेवायचं आणि त्या ब्लॉकसाठीच्या वेगळ्या गिट्ट्या आणायच्या. साधी गिट्टी तिथे सैल पडते.

आता दार आपटलं तरी भिंत ढिम्म. ती शांत झोपते, मी शांतपणे फोन करते. परवा दुपारी पलीकडून टकटक झाली.

"उठलेय गं. चहा टाकतेस?"