किनारा कोणाचा आणि शिक्षा कोणाला?

ओडिशातील गहिरमाथा किनाऱ्यावर मार्च २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी ऑलिव्ह रिडले जातीच्या एका मादी कासवाला खुणेची पट्टी लावली. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. पूर्वेची कासवे वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, हा समज त्यामुळे डळमळला. ओडिशाने जपले आणि कोकणाने घालवले, तर नुकसान दोघांचेही आहे. परंतु हे जपण्याचा भार नेमका कोणाच्या खांद्यावर पडतो, हा आमचा प्रश्न आहे.

आम्ही वकिली करतो, म्हणून आधी कायदा पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी नासणे आणि घरटी विस्कटणेही येते. शिक्षा किमान तीन वर्षे, कमाल सात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान पंचवीस हजार रुपये. पहाटे वाळूतला माग काढून घरटे उकरणारा गरीब माणूस या कलमात सहज सापडतो. सापडावा, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याच वाळूवर रात्रभर प्रखर दिवे लावणाऱ्या हॉटेलवाल्याचे काय? पिल्ले बहुधा रात्री बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने धावतात. समुद्राऐवजी उजेड हॉटेलाकडे असला की ती तिकडे वळतात. पुढे कुत्री, कावळे आणि सकाळचे ऊन. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग हे विणीचे किनारे आहेत आणि पर्यटनाचा ताण काय असतो हे मोरजीला जाऊन पाहावे. अशा ठिकाणी नोटीस निघते, उत्तर येते, तोवर हंगाम संपतो.

समुद्रातही तेच. कासवाला श्वासासाठी पाण्याबाहेर डोके काढावे लागते. ट्रॉलच्या जाळ्यात अडकले की ते गुदमरून मरते. कासव निसटण्यासाठी जाळ्याला बसवायची झडप उपलब्ध आहे. ती आपल्याकडे नीट वापरली जात नाही, म्हणून अमेरिकेने २०१९ साली भारताच्या समुद्रातील कोळंबी घेणे थांबवले. ओडिशात धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांसमोर वीस किलोमीटरपर्यंत १ नोव्हेंबर ते ३१ मे मासेमारीबंदी असते. सात महिने! मोठा ट्रॉलर त्यापलीकडे जाऊ शकतो. छोट्या होडीच्या मच्छीमाराने जायचे कुठे?

उलट उदाहरण आपल्याच कोकणात आहे. मंडणगड तालुका म्हटले की आपल्याला आंबडवे आठवते. त्याच तालुक्यात वेळास आहे. तिथे पूर्वी अंडी खाल्ली आणि विकली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांनाच राखणदार केले. घरटी कुंपणात हलवायची, पन्नासेक दिवस पहारा द्यायचा, पिल्ले समुद्रात सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावात राहू लागले. धाकाने जे झाले नाही ते रोजगाराने झाले. तरीही आमची एक शंका आहे. पाहुण्यांचे पैसे ज्याच्याकडे वाढीव खोली आहे त्याच्याकडे जातात. ज्याला खोलीच नाही, वाडी गावाबाहेर आहे, त्याच्या वाट्याला काय? रात्रीचा पहारा आणि हंगामापुरते मानधन, एवढेच?

एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले की समुद्रकिनारा ही जनतेची ठेव आहे आणि शासन तिचे केवळ विश्वस्त. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेतही कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संरक्षित वर्गात आहेत. मग विश्वस्ताकडे हिशेब मागायला हवा. किनारपट्टीच्या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात वनविभागाला विचारावे: कासवमित्र किती, त्यांना किती महिने किती मानधन मिळते, ते कोणत्या वाड्यांतले, गेल्या पाच वर्षांत अंड्यांच्या चोरीचे गुन्हे किती आणि दिव्यांबद्दल हॉटेलांवर गुन्हे किती. अर्ज ऑक्टोबरपूर्वी जावा. माद्या नोव्हेंबरपासून येऊ लागतात.