नावावर खाते चालवू नका

उधारीची वही सोडून आमचे अनेक व्यापारी बांधव संगणकाकडे वळले, हे चांगले झाले. पण वहीतला घोळ तसाच संगणकात गेला तर काय उपयोग? एकाच गिऱ्हाइकाच्या नावात कुठे 'मोहम्मद', कुठे 'महंमद', तर कुठे नुसते 'मो.'. जुन्या मुनीमजींना माणूस ठाऊक असे. संगणक फक्त अक्षरे जुळवतो. खाती तीन होतात, जमा एकावर पडते, बाकी दुसऱ्यावर राहते आणि फेडलेल्या पैशाचा तगादा जातो. उलट, एकाच नावाचे दोन शेख असले की दोघांची उधारी एकत्र! दुकानाची अब्रू यातच जाते.

आमचे मत असे, की प्रत्येक गिऱ्हाइकाला दुकानाने स्वतःचा क्रमांक द्यावा व खाते त्यावरच चालवावे. मोबाईल नंबर त्यासाठी धरू नये. तो बदलतो, कधी दोघा भावांत एकच असतो. जीएसटीचा 15 अक्षरी क्रमांक किरकोळ गिऱ्हाइकाकडे कुठला? एक्सेलमध्ये हा रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्यावा, नाहीतर 007 चे 7 होते. जुनी दुहेरी खाती मात्र गिऱ्हाइकाला समोर बसवून, बिले पाहूनच जोडा. त्याआधी फाईलची एक नक्कल काढून ठेवा.