घरीच तर असते!

मैत्रिणींनो, ‘घरीच तर असते!’ हे तीन शब्द आपल्यापैकी कुणी ऐकले नाहीत? सकाळी नळाचं पाणी भरण्यापासून रात्री दुधाला विरजण लावेपर्यंत आपण उभ्याच असतो, आणि तरीही कुणीतरी सहज बोलून जातं. सरकारने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७, असं त्यात दिसलं. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास, तेही बिनपगारी! तेव्हा या तीन शब्दांचा डंख काय असतो, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

आज मात्र मला बोलायचंय ते याच शब्दांनी बेजार झालेल्या एका नव्या बाईविषयी. ती घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करते. आता पुण्या-मुंबईतच नव्हे, तर आपल्या चंद्रपुरातही अशी एखादी सून, एखादी लेक दिसू लागली आहे. आमच्या घरात ती माझी धाकटी जाऊ आहे.

जाऊबाईचं माहेर गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. शिक्षण इंजिनियरिंगचं. लग्नानंतरही काही वर्षं नोकरी पुण्यात आणि नवरा चंद्रपुरात, अशी ओढाताण चालली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ती लॅपटॉप घेऊन घरी आली, ती इथेच राहिली. पुढे २०२३ च्या सुमारास अनेक मोठ्या कंपन्यांनी माणसांना परत ऑफिसात बोलावलं. तिच्या कंपनीने तिला सवलत दिली, पण अटीवर. दर तीन महिन्यांनी एक आठवडा पुण्याला यायचं, घरून कामात कसूर होऊ द्यायची नाही, आणि ही सवलत पुढे चालू ठेवायची की नाही ते दरवर्षी ठरणार. म्हणजे घरी बसायला मिळालंय खरं, पण ती जागा तिला दरवर्षी नव्याने कमवावी लागते.

आता ती दिवसभर करते तरी काय? शेजारच्या काकू म्हणतात, “काय करून राहिली माहीत नाही बाप्पा, नुसती टकटक करत बसते!” ती टकटक म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते.

परदेशातल्या दुकानांच्या मालाचा हिशेब ठेवणारी एक व्यवस्था तिची कंपनी सांभाळते. सकाळी दहाला फोनवर सगळ्यांची पंधरा मिनिटांची बैठक. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढंच बोलायचं. मग कॉम्प्युटरला द्यायच्या सूचना लिहायला बसायचं. तिने लिहिलेलं दुसरा सहकारी तपासतो, त्याचं ती तपासते. मी अर्धवेळ शिक्षिका आहे, तेव्हा वह्या तपासणं काय असतं ते मला ठाऊक आहे. फरक एवढाच, की इथे एक चूक सुटली तर परदेशातल्या दुकानदाराचा हिशेब कोलमडतो. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. तिला तसं चालत नाही, भांड्यातलं जवळजवळ प्रत्येक शीत दाबून पाहावं लागतं!

आणि सगळं लिहिलेलं जपून ठेवण्याची एक सुरेख सोय या लोकांकडे आहे. तिचं नाव गिट. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या माणसाने ती २००५ साली तयार केली. समजा, लोणच्याच्या पाककृतीची वही आहे. कुणी कधी काय बदललं ते तारखेनिशी त्या वहीत राहतं आणि बिघडलं तर कालच्या कृतीवर परत जाता येतं. नवीन काही करून पाहायचं असेल तर मोठ्या बरणीला हात लावायचा नाही. थोडा मसाला वेगळ्या लहान बरणीत घ्यायचा, प्रयोग करायचा, जमला तरच मोठ्या बरणीत मिसळायचा. ही शिस्त तर आपल्या आजीचीच, नाही का?

या धंद्यात नवी नवी अवजारं सतत येतात. २०२२ सालापासून तर सूचना लिहून देणारी यंत्रंच आली. गिटहब कोपायलट त्या वर्षी जूनमध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि ३० नोव्हेंबरला चॅटजीपीटी आलं. “आता तुमची नोकरी जाणार का हो?” हा प्रश्न तिला लग्नकार्यात हमखास विचारला जातो. तिला काळजी वाटत नाही असं नाही. पण तिची रीत पाहण्यासारखी आहे. नवं अवजार आलं की ती शनिवारी एखाद्या लहानशा, बिनमहत्त्वाच्या कामावर ते वापरून पाहते. ते जे लिहून देईल ते स्वतः ओळ न् ओळ वाचते, कारण ही यंत्रं चुकीची गोष्टसुद्धा अगदी ठामपणे सांगतात. गिऱ्हाइकाची माहिती आणि पासवर्ड त्यात कधीच घालत नाही. पंधरा दिवस उपयोग झाला तरच ते ठेवते. मिक्सर आला म्हणून आपण पाटा-वरवंटा लगेच फेकून दिला होता का? फोनवरचं बँकेचं अॅप असो की आणखी काही, आपणही हीच रीत ठेवावी. आधी लहान रकमेवर पाहावं, गुप्त आकडा कुणाला सांगू नये आणि जुनी सोय लगेच मोडू नये.

आता मुख्य गोष्ट. तिची संध्याकाळ. अमेरिकेतल्या माणसांशी बोलणं व्हायचं तर त्यांच्या सकाळी. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा असतात. पण ते लोक दर नोव्हेंबरात घड्याळं तासभर मागे करतात आणि मार्चमध्ये पुन्हा पुढे. म्हणून हिवाळ्यात तेच नऊ आपल्याकडे साडेसातला वाजतात. घरच्यांना वाटतं, हिची वेळ रोज बदलते की काय! बिचारी खोटं बोलत नसते, घड्याळंच तशी आहेत.

मागच्या जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सव्वासात वाजले, बायका जमल्या. “दोन मिनिटं बसली तर काय होते?” असा सगळ्यांचा आग्रह. ती बसली. दोनाची वीस मिनिटं झाली. त्या दिवशी चार महिन्यांचं काम गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं. ते तिच्याऐवजी दुसऱ्याने दाखवलं, आणि नेमका तोच महिना तिच्या सवलतीचा निर्णय व्हायचा होता. सवलत राहिली, पण वरिष्ठांनी समज दिली. त्या रात्री ती म्हणाली, “ताई, पुण्याच्या ऑफिसात असते तर मला कुणी वाण द्यायला आलं असतं का?” यावर काय बोलणार? बायका प्रेमानेच बोलावत होत्या. पण दार उघडं दिसलं की आतली बाई मोकळी आहे, असं आपण धरून चालतो.

त्यानंतर आम्ही घरात काही गोष्टी ठरवल्या. तुमच्याही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, वेळ लिहून लावणे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिच्या महत्त्वाच्या वेळांना लाल खूण असते. खूण असली की दारावरची बेल, गॅसचा सिलिंडर, पाहुण्यांचा चहा हे तिचं नाही. ते मी, सासूबाई किंवा भाऊजी पाहतो. खूण नसली की तीही घरचीच, तेव्हा तिच्या वाट्याचं काम तिचं.

दुसरी, जागा. पलंगावर बसून काम करू नये, पाठ धरते. लॅपटॉप उशीवर ठेवू नये, त्याची हवा कोंडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांपर्यंत जातो. यंत्र फार तापलं की स्वतःला सांभाळण्यासाठी ते कामच हळू करतं. म्हणून उन्हाची भिंत सोडून खोली निवडावी आणि लॅपटॉपखाली हवा खेळेल असं काहीतरी ठेवावं. कूलर जरूर लावावा, पण त्याचा ओला झोत माणसावर असावा, यंत्रावर नको. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावं. आमची जाऊबाई अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहते.

तिसरी, वीज. राज्याला वीज पुरवणारं २९२० मेगावॅटचं केंद्र आपल्या उशाशी आहे, तरी वादळात तार तुटली की दिवे जातातच. इंटरनेटच्या राउटरला वीज अगदी थोडी लागते. लहान इन्व्हर्टरवर तो बराच वेळ चालतो. शिवाय फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड असावं. विजा कडाडू लागल्या की मात्र लॅपटॉप आणि राउटरचे प्लग काढून ठेवावेत.

चौथी, प्रवास. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, आणि तिथून पुण्याला रात्रभराची गाडी. १० ऑगस्ट २०२५ पासून नागपूरच्या अजनीहून पुण्याला वंदे भारतही सुरू झाली, ती बारा तासांत पोचवते. तिच्या पिशवीत एक जादा चार्जर कायमचा असतो. निघण्याच्या आदल्या रात्री सगळं काम कंपनीच्या ठिकाणी पाठवून ठेवते, म्हणजे लॅपटॉप हरवला तरी काम हरवत नाही. तो वरच्या फळीवर न ठेवता जवळ ठेवते. आणि त्या आठवड्यात मुलाचा डबा, अभ्यास, औषध हे भाऊजींच्या नावावर लिहून जाते. सासूबाईंच्या किंवा माझ्या नव्हे, हे मुद्दाम सांगते!

पुण्याचे सहकारी तिला विचारतात, “तुमच्याकडे वाघ दिसतो का गं खिडकीतून?” ताडोबा जवळ आहे म्हणून! ती हसते. पण तिला दुसरंच काही दिसत असतं. चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आहे, गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये आलं. मुली शिकतात, हुशार निघतात, आणि मग एकच प्रश्न. घर सोडायचं की नोकरी? वडशासारख्या गावात निदान रेल्वे आहे. भामरागडकडे तर पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वाटच बंद होते. अशा मुलींना आपल्याच जिल्ह्यात राहून काम करता यायला हवं असेल तर नेटवर्क हवं, वीज हवी, हे खरंच. पण तारा घरापर्यंत आल्या तरी घरातल्या माणसांनी तिचा वेळ मानला नाही, तर ती पुन्हा पुण्याचीच गाडी धरणार. आणि मग आपणच म्हणणार, मुली काही इथे राहत नाहीत हो!

तर या आठवड्यात एवढं करा. घरात अशी कुणी काम करणारी असेल तर तिला तिच्या वेळा विचारा आणि कॅलेंडरवर तिच्यासमोर लिहा. आणि हो, त्याच कॅलेंडरवर दुपारचा एक तास स्वतःच्या नावाने लिहायला विसरू नका, वाचनाचा म्हणा, पडायचा म्हणा. कुणी ‘घरीच तर असते’ म्हणालं, की वाद घालत बसू नये. बोट धरून कॅलेंडरपाशी न्यावं.