इंग्रजी पहिलीपासून, पण शिकविले काय जाते?

२०२५ सालच्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात भाषेवरून जे रण माजले, त्याची हकीकत वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. १६ एप्रिलला सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, १७ जूनला त्या सक्तीवर शब्दांची शाल पांघरली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. लोकमतापुढे सरकारला नमावे लागले, याबद्दल आम्हांस समाधानच वाटते. परंतु सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर तिसऱ्या भाषेचे ओझे नको, असे तावातावाने सांगणारांपैकी क्वचितच कोणी दुसऱ्या भाषेचे काय चालले आहे, हे पाहण्याची तसदी घेतली. ती दुसरी भाषा म्हणजे इंग्रजी. मराठी शाळांतून ती २००० सालापासून पहिलीच्या वर्गात शिकविली जात आहे. त्या वेळी पहिलीत बसलेली मुले आज तिशीत आली आहेत. एवढ्या अवधीनंतर तरी जमाखर्च मांडावयास हरकत नसावी.

या प्रश्नाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजी पाचवी ते सातवीच्या वर्गांतून हटविण्यात आले व ते आठवीपासून सुरू होऊ लागले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ते पाचवीवर आले. पुढे प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते थेट पहिलीवर येऊन बसले. दर वेळी वाद झाला तो इयत्तेचा. वाघिणीचे दूध लवकर पाजावे की उशिरा, यावर दोन्ही पक्षांनी हिरिरीने लेखण्या झिजविल्या. ते दूध मुलाच्या पोटात जाते की ओठांवरून सांडते, हा प्रश्न मात्र कोणास महत्त्वाचा वाटला नाही. मोरे यांचा हेतू प्रामाणिक होता. बहुजनांच्या मुलांस इंग्रजीपासून वंचित ठेवू नये आणि इंग्रजी माध्यमाकडे लागलेली रीघ थांबावी, असे त्यांच्या समर्थकांचे म्हणणे होते. ती रीघ थांबलेली नाही, हे कोणत्याही शहरातील म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत डोकावले तरी दिसते.

फलश्रुतीचे आकडे पाहू. ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या पाहणीत २०१६ साली पाचवीतील २४.७ टक्के मुलांस इंग्रजीतील साधी वाक्ये वाचता आली. २०२२ साली हे प्रमाण २४.५ टक्के भरले. सहा वर्षांत तसूभर प्रगती नाही. शिवाय ही वाक्ये नुसती वाचण्याची गोष्ट आहे. वाचलेल्याचा अर्थ सांगता येणारी मुले त्याहून थोडी. ही पाहणी सर्व देशाची व खेड्यांतील, म्हणून शहरी वाचकांनी हायसे वाटून घेऊ नये. शहरात पाटी चकचकीत असते एवढेच.

वर्गात घडते काय? धडा मोठ्याने वाचला जातो, ओळीओळीचा मराठी अर्थ बाई सांगतात, मग खालच्या प्रश्नांची उत्तरे फळ्यावर येतात, मुले ती वहीत उतरवितात आणि परीक्षेत तीच पुन्हा उतरवितात. जी मुले ‘हुशार’ असतात ती स्वतः उत्तर शोधतात, म्हणजे प्रश्नातील शब्द धड्यात कोणत्या ओळीत आहेत ते पाहून ती ओळ टिपून काढतात. या युक्तीला अर्थ कळावा लागत नाही. ‘भिंगुरड्या टिपाळात झुकमत होता’ या वाक्याला काडीचाही अर्थ नाही. तरी भिंगुरड्या कोठे झुकमत होता असे विचारले, तर वाचक ‘टिपाळात’ हे बिनचूक उत्तर देतील व पैकीच्या पैकी गुण मिळवतील. आपल्या प्राथमिक शाळांत आकलन म्हणून ज्याची परीक्षा होते, ते बहुतांशी असे भिंगुरड्याचे आकलन आहे. नातीने आजीच्या हाती काठी दिली व स्वतः पुढे होऊन दार उघडले, एवढेच उताऱ्यात असेल, तर आजी थकली आहे हे मुलाने ओळखावयास हवे. ते कोणत्याच ओळीत लिहिलेले नसते. असा प्रश्न विचारण्यास शिक्षक धजत नाहीत, कारण त्याचे उत्तर गाइडात सापडत नाही.

आकलनाची ही दशा असता व्याकरणाचा आग्रह मात्र दिवसेंदिवस वाढत आहे. तिसरी-चौथीच्या मुलाकडून नाम, सर्वनाम, क्रियापद यांची इंग्रजी नावे व व्याख्या घोकून घेतल्या, की पालकांस पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. सुशिक्षित वडील मंडळी तर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा दाखला देतात. ती पाठमाला थोरच होती. पण ज्यांनी तिच्यावर इंग्रजी पक्के केले, ती मुले दहा-बारा वर्षांची होऊन मराठी व्याकरण पचवून मग तिच्याकडे वळत. कर्ता व कर्म ही भानगड मराठीत ज्याला उमगलेली नाही, त्या सात वर्षांच्या पोरापुढे तोच ग्रंथ ठेवला असता, तर तर्खडकरांनीही हात जोडले असते.

प्रत्यक्ष इंग्लंडात काय घडले ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तेथे २०१३ सालापासून प्राथमिक शाळेच्या अखेरच्या वर्गातील मुलांची व्याकरण, विरामचिन्हे व शब्दलेखन यांची स्वतंत्र राष्ट्रीय परीक्षा घेतली जाते. पारिभाषिक संज्ञांचा भडिमार एवढा, की २०१६ साली शाळाखात्याचे मंत्री निक गिब यांना बीबीसीच्या मुलाखतीत एका वाक्यातील ‘आफ्टर’ हा शब्द शब्दयोगी की उभयान्वयी असे विचारले गेले, तेव्हा त्यांचेच उत्तर चुकले! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांचा एक प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. सहा-सात वर्षांच्या मुलांस व्याकरणाचे खास पाठ देऊनही त्यांच्या गोष्टी लिहिण्यात लक्षणीय सुधारणा आढळली नाही. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलली जाते, त्या मुलांची ही कथा. मग चाळीतल्या किंवा वाडीवरच्या मुलाने व्याख्या पाठ करून इंग्रजी लिहू लागावे, ही अपेक्षा कोणत्या आधारावर?

याचा अर्थ व्याकरण निरुपयोगी आहे असा कोणी काढू नये. मराठी मुलाला नेमके कोठे अडते हे ओळखून दिलेले चार नियम त्याला जन्मभर पुरतात. ‘मांजराने उंदीर मारला’ आणि ‘उंदीर मांजराने मारला’ या दोहोंत मराठीत कोणाचा जीव गेला याबद्दल शंका राहत नाही, कारण ‘ने’ हा प्रत्यय पहारा करीत असतो. इंग्रजीत तसा पहारेकरी नाही. तेथे शब्दांची जागा बदलली, की मांजरच मरते. हे मुलाला मराठीतून, दोन वाक्ये शेजारी ठेवून, पाच मिनिटांत समजावता येते. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीत, म्हणून ती सुटतात. देवनागरीत जसे लिहावे तसे वाचावे अशी सवय झालेल्या मुलाला ‘बट’ आणि ‘पुट’ यांत एकच स्वर का, हे कोडे पडते. हे सारे पाचवीच्या सुमारास, मुलाच्या कानावर व डोळ्यांखालून पुष्कळ इंग्रजी गेल्यावर सांगावयाचे. आधी सांगितले तर ते पालथ्या घड्यावर पाणी.

हे पुष्कळ इंग्रजी कोठून आणावे, असे विचारले जाईल. त्याचे एक उत्तर फिजीने दिले आहे. १९८०च्या सुमारास तेथील खेड्यांतील शाळांत वॉरविक एली व फ्रान्सिस मंगुभाई यांनी चौथी-पाचवीच्या वर्गांस अडीचशे सचित्र गोष्टींची इंग्रजी पुस्तके दिली. ती मुलांस वाचून दाखवावयाची, त्यांच्याशी बोलावयाचे व मुलांनी स्वस्थपणे वाचावयाची, एवढेच. या मुलांची घरची भाषा इंग्रजी नव्हती. आठ महिन्यांत त्यांच्या वाचनाची व श्रवणाची प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली. पुढील वर्षी तिचा परिणाम लेखनात व व्याकरणातही दिसू लागला. आमच्या मराठी शाळांत ‘माय इंग्लिश बुक’च्या पलीकडे इंग्रजी अक्षराचे दर्शन मुलाला सहसा घडत नाही. एका पुस्तकावर भाषा शिकावयाची म्हणजे एका घागरीत पोहणे शिकण्यासारखे आहे.

लेखनाविषयी फार बोलावे असे काही घडतच नाही. गायीवरचा निबंध पाठ, सहलीवरचा निबंध पाठ. मुलाने आयुष्यात एकही स्वतःचे इंग्रजी वाक्य लिहिले नाही तरी तो उत्तीर्ण होतो. शिक्षक चुकांना भितात, कारण त्यांनाही हीच भाषा अशाच रीतीने शिकविली गेली होती. एकाच शिक्षकाने सर्व विषय शिकवावे, वर मतदारयाद्या व गणती करावी, आणि सायंकाळी चाळीस वह्यांतील स्वतंत्र वाक्ये तपासावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्यांना दोष देऊन शिक्षणखात्याने हात झटकू नयेत.

प्रश्न केवळ एका विषयाचा असता तर आम्ही एवढी शाई खर्ची घातली नसती. सेमी-इंग्रजी वर्गात गणित व विज्ञान इंग्रजीतून असते. तेथे त्रैराशिक येत असूनही उदाहरणाचे वाक्यच न कळल्यामुळे मुलगा गणितात ‘ढ’ ठरतो. रिक्षावाला किंवा धुणीभांडी करणारी बाई पोटाला चिमटा घेऊन मुलाला गल्लीतल्या इंग्रजी शाळेत घालते. तेथील बाईंचे इंग्रजी मराठी शाळेतल्या बाईंहून सरस असतेच असे नाही, आणि मुलगा मराठी वाचनालाही मुकतो. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत देशभरातील ग्रामीण शाळांमधील पाचवीच्या निम्म्याहून किंचित कमी मुलांस दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला, आणि तोही परक्या भाषेतला नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले, त्याचे मर्म येथे आहे. एका भाषेत वाचून अर्थ लावावयास शिकलेले मूलच ती विद्या दुसऱ्या भाषेत नेते.

तेव्हा इंग्रजी पहिलीतून काढा, अशी मागणी आम्ही करीत नाही. तसे केल्यास इंग्रजी माध्यमाच्या दुकानदारांचेच फावेल. पहिली-दुसरीत इंग्रजी कानाने व तोंडाने शिकू द्या, लेखी परीक्षा घेऊ नका. तिसरी-चौथीत प्रत्येक वर्गाला गोष्टींच्या पुस्तकांचे कपाट द्या व रोज अर्धा तास त्यासाठी राखून ठेवा. व्याकरणाच्या व्याख्या पाचवीपर्यंत बाहेर ठेवा. आणि चौथीच्या अखेरीस मुलाने पूर्वी न पाहिलेला एक छोटा उतारा मराठीत व एक इंग्रजीत देऊन, दोहोंवर स्वतःची दोन-दोन वाक्ये लिहावयास सांगा व शाळाशाळांचे निकाल जाहीर करा. पहिल्या वर्षाचे निकाल खात्याला लाजविणारे असतील. ते दडपून न ठेवता विधिमंडळापुढे मांडावेत.